जेसी ओवेन्स आणि आपला बाळू



जेसी ओवेन्सचं नाव आपल्या पोरांना पाठ आहे. घाटकोपरला आमच्या वस्तीत अभ्यासवर्गात हिटलरचा विषय निघाला की मागून कुणीतरी ओवेन्सचं नाव घेतोच. १९३६ साल, बर्लिनचं ऑलिंपिक, गोऱ्या वंशाची मिजास दाखवायला भरवलेला तो बाजार, आणि त्यात अलाबामातल्या वाट्याने जमीन कसणाऱ्या काळ्या बापाचं पोर चार सुवर्णपदकं उचलून घेऊन जातं. १०० मीटर, २०० मीटर, रिले आणि लांब उडी. लांब उडीत ८.०६ मीटर. आदल्या वर्षी, १९३५ च्या मे महिन्यात, त्याने ८.१३ मीटर मारली होती आणि तो विक्रम २५ वर्षं कुणाच्या बापाला मोडता आला नाही. १९६० साली मोडला तोही दुसऱ्या काळ्यानेच, राल्फ बोस्टनने.

हे सगळं पोरं सांगतात. चांगलं आहे. पण मी विचारतो, बाळू पालवणकर कोण? मग गप्प. एखादा म्हणतो, ‘तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिलेला काय?’ बस. एवढीच ओळख. हिंदुस्थानातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज, जातीने चांभार, त्याची आपल्याकडची ओळख एका निवडणुकीतल्या पराभवाएवढी. म्हणून हा लेख. मी गिरणीकामगार आहे, इतिहासाचा मास्तर नाही. पाळी सुटल्यावर जे वाचलं ते मांडतो आहे.

आधी ओवेन्सचं पुरं करू, कारण त्याची गोष्ट आपण अर्धीच सांगतो.

हिटलरने त्याच्याशी हात मिळवला नाही, असं जो तो सांगतो. खुद्द ओवेन्स वेगळंच सांगायचा. आपला अपमान घरच्याने केला, म्हणायचा. अमेरिकेच्या अध्यक्षाने, रूझवेल्टने, त्याला ना बोलावणं धाडलं ना साधी तार केली. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या सन्मानाची मेजवानी होती वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाच्या मोठ्या हॉटेलात. ज्याचा सत्कार तोच माणूस वर गेला मालाच्या लिफ्टमधून. मुख्य लिफ्ट गोऱ्यांची. हार घालायला वर न्यायचं, पण न्यायचं पोत्यांच्या वाटेने! मित्रांनो, ही गोष्ट अमेरिकेची आहे असं वाटतं का तुम्हाला?

मग खेळाच्या संघटनेने त्याला काढून टाकलं, कारण बर्लिननंतर युरोपात फुकट पळायचं सोडून तो घरी परतला. त्याच वर्षी डिसेंबरात क्युबाला हवाना शहरात जगातला सगळ्यात वेगवान माणूस पैशासाठी घोड्याशी शर्यत लावत होता. पदकं चार, पण चूल पेटायला लाकूड नाही. पेट्रोलपंपावर काम केलं, मैदानावर पोरांवर देखरेख केली, कपडे धुण्याचा धंदा काढला तो बुडाला, दिवाळं निघालं. आणि १९३६ च्याच निवडणुकीत पैसे घेऊन त्याने रूझवेल्टच्या विरुद्ध रिपब्लिकन उमेदवार लँडनचा प्रचार केला. लँडन सपाटून पडला. हा भाग आपण सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे येईल.

आता बाळू.

जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातलं पालवण, त्यावरून आडनाव. बाप फौजेत. फौजेने आपल्या लोकांना काय दिलं, हे बाबासाहेबांच्या घराकडे पाहिलं की कळतं. गणवेश दिला, दोन अक्षरं दिली, आणि गावकुसाबाहेरून उचलून छावणीत आणलं. पुण्याच्या छावणीत बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या सामानाने क्रिकेट शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, मैदान झाडायचं आणि खेळपट्टीवर रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात, तिथे १ रुपया जास्त. काम तेच. रोलर, जाळी लावणे, टेनिसच्या कोर्टावर रेघा मारणे.

तिथे एका साहेबाने त्याला जाळीत चेंडू टाकायला लावलं. ग्रेग नावाचा फलंदाज होता, युरोपियनांचा सगळ्यात मोठा. बाळूने त्याला रोज तासन् तास चेंडू टाकले. असं सांगतात की बाद केलं की ग्रेग आठ आणे द्यायचा. खरं असेल, नसेल. पण एक गोष्ट पक्की आहे आणि तीच मला खुपते. इतकी वर्षं त्या जाळीत घाम गाळला, पण बाळूच्या हातात बॅट कुणी दिली नाही. बॅट साहेबाची. राजेमहाराजांची. चेंडू टाकणं ही मजुरी. मी साच्यावर उभा राहणारा माणूस, मला हे लगेच कळलं. ताग्यावर नाव मालकाचं, पाय दुखतात आपले. बाळूने त्या मजुरीतूनच कसब काढलं. डावखुरा, संथ, दोन्ही बाजूंना चेंडू वळवणारा, चेंडू हवेत वरखाली करणारा, आणि एका टप्प्यावर दिवसभर टाकू शकणारा. साहेबाला खेळवता खेळवता त्याने साहेबाच्या पायाची प्रत्येक चूक पाठ केली.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूशिवाय जमणार नव्हतं. बामण खेळाडूंमध्ये खल झाला, महाराला चांभाराला संघात घ्यायचं कसं? शेवटी घेतला. मैदानावर घेतला. चेंडू त्याच्या हातातून सुटे, यष्टिरक्षक बामण तो झेलत असे, परत त्याच्याकडे फेकत असे. विटाळ नाही. चेंडू चामड्याचा, विटाळ नाही. चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनीमातीच्या कपात चहा घेत, बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात. पिऊन झालं की भांडं फोडून टाकायचं. तोंड धुवायचं तर पाणी घालायला त्याच्यासारखाच अस्पृश्य गडी. जेवण वेगळं, पान वेगळं.

यावर मी बराच विचार केला. मुंबईच्या गिरण्यांतही हेच होतं. आपल्या माणसांना रिंगखात्यात काम मिळे, झाडायला मिळे, पण साचाखात्यात, जिथे पगार बरा, तिथे बंदी. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा मराठा विणकर तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. म्हणजे पहा, घाम चालतो, चेंडू चालतो, बळी चालतात, सूत चालतं. जिथे ओठ आला, पाणी आलं, तिथे जात आली. महाडचं चवदार तळं १९२७ साली पेटलं ते उगाच नाही. बाळूचं ते मातीचं भांडं महाडच्या तीस वर्षं आधीचं आहे.

प्लेगच्या साली, १८९६ च्या आसपास, बाळू मुंबईला आला. काही काळ फौजेच्या पलटणीबरोबर होता, मग रेल्वेत नोकरी लागली. हिंदू जिमखान्यात घ्यायला काही सभासदांनी खळखळ केली, पण कीर्तिकर नावाच्या कप्तानाने त्याला घेतलाच. आणि १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळू आणि शिवराम दोघेही संघात. पुढल्या वर्षी पुन्हा, २३८ धावांनी. वंगभंगाचा काळ, स्वदेशीचा जोर, जपानने रशियाला नुकतंच लोळवलेलं. सगळ्या वर्तमानपत्रांना उकळ्या फुटल्या. गोऱ्याला पाडलं कुणी? तर चांभाराच्या पोराने. पण विजय लिहिला गेला हिंदूंच्या नावावर.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचा महाराजा, तरुण आणि मेजवान्यांत रमलेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूने त्या दौऱ्यात सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. खांदा दुखत होता. वय पस्तीस. इंग्लंडचे जाणकार म्हणाले, हा आमच्याकडच्या कुठल्याही परगण्याच्या संघात बसेल. पहिल्या दर्जाचे त्याचे एकंदर ३३ सामने मोजतात आणि त्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. आकडे नुसते वाचू नका. त्या काळी वर्षाला दोन-तीन मोठे सामने मिळायचे. हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना खेळला १९३२ साली, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचा होता.

इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्याचा जाहीर सत्कार केला. आणि त्या सत्कारात पुढे होता एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारा एक तरुण, भीमराव आंबेडकर. मित्रांनो, इथे जरा थांबा. बाबासाहेब तेव्हा बाबासाहेब झालेले नाहीत. अमेरिका पाहिलेली नाही, मूकनायक काढलेला नाही. आणि हजारो लोक ज्याला ओळखतात असा आपल्यातला माणूस मुंबईत तेव्हा एकच, बाळू. विटाळाच्या सगळ्या शास्त्राला मैदानावर उघडं पाडणारा. वीस वर्षांच्या भीमरावाला त्याच्यात काय दिसलं असेल, ते कल्पनेनेसुद्धा कळतं.

आता कप्तानपदाचं बघा. १९१० पासून दरवर्षी प्रश्न तोच. संघातला सगळ्यात अनुभवी, सगळ्यात जास्त सामने जिंकून देणारा बाळू. कप्तान मात्र एम. डी. पै. पै बामण. माणूस बरा होता, १९१३ साली स्वतःच्या सत्काराच्या वेळी त्याने सांगितलं की हा मान खरा बाळूचा. म्हणाला, पण पदावर राहिला. १९२० साली तर बाळूला संघातूनच वगळलं, आणि पै आजारी म्हणून कप्तानपद दिलं देवधरांना, पुण्याच्या प्रोफेसरांना. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोन भावांनी काय केलं? बॅगा उचलल्या आणि बाहेर पडले. वर जाहीर पत्रक काढलं. ज्येष्ठता आमची, खेळ आमचा, आणि कप्तान तुमचा का, तर जात, असा त्याचा रोखठोक अर्थ.

१९२० साली! महाडच्या सात वर्षं आधी! हा संप आहे. क्रिकेटच्या मैदानातला अस्पृश्यांचा पहिला जाहीर संप. आपल्या चळवळीच्या इतिहासात तो कुठे लिहिलाय? मला तरी आपल्या एकाही पुस्तिकेत दिसलेला नाही.

संपाचा परिणाम झाला. अंतिम सामन्याला पै परत आला, बाळूला संघात घेऊन उपकप्तान केलं, आणि पै काही वेळ मैदान सोडून बाहेर गेला तेव्हा बाळूने संघ चालवला. तेवढंच. काही तासांचं कप्तानपद, तेही कप्तान बाहेर गेला म्हणून. गिरणीत याला बदली म्हणतात. १९२३ साली विठ्ठलला खरंखुरं कप्तानपद मिळालं आणि त्याच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांना हरवलं. सवर्ण पोरांनी त्याला खांद्यावर घेतला. बाळूला जे मिळालं नाही ते धाकट्या भावाला मिळालं, पण बाळूच्या तीस वर्षांच्या रोलरवर उभं राहून.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जरा तिखट वाटेल. बाळूच्या ज्या गोष्टी लोक आवडीने सांगतात त्या प्रत्येकीत एक दयाळू मोठा माणूस असतो. आठ आणे देणारा ग्रेग. साताऱ्याला गोऱ्यांना हरवल्यावर हत्तीवरून मिरवणूक निघाली ती गोष्ट, त्यात न्यायमूर्ती रानडे येतात आणि सांगतात, बरोबर खेळता तर बरोबर जेवा. मग मन मोठं करणारा पै. ओवेन्सचंही तेच. बर्लिनला त्याच्या दोन उड्या बाद होत होत्या, तर लुट्झ लाँग या जर्मन गड्याने त्याला सल्ला दिला की फळीच्या मागूनच उडी घे, ही गोष्ट जगभर गाजली. ओवेन्स स्वतःच ती रंगवून सांगायचा, इतिहासवाल्यांना तिच्याबद्दल शंका आहे. दोघांची दोस्ती झाली, हे खरं. पण ८ मीटर कुणाच्या सल्ल्याने होत नाहीत. ते मांडीत असावे लागतात. गोष्ट सांगणाऱ्याला मात्र काळ्याच्या मांडीपेक्षा गोऱ्याच्या मनाचा मोठेपणा गोड लागतो.

२००१ साली ‘लगान’ आला. आपण सगळ्यांनी पाहिला, टाळ्याही वाजवल्या. त्यातला कचरा आठवा. अस्पृश्य, फिरकी टाकणारा. नाव काय ठेवलंय ते बघा आधी. दुसरं, त्याला संघात घ्या म्हणून भाषण कोण करतो? भुवन. कचरा कोपऱ्यात उभा. तिसरं, त्याचा चेंडू का वळतो? तर हात लुळा आहे म्हणून! व्यंग आहे म्हणून वळतो, कसब आहे म्हणून नाही. कुठे तो कचरा आणि कुठे जाळीत वर्षानुवर्षं बोटं झिजवणारा बाळू! कुठे ते पत्रक काढून बाहेर पडणारे त्याचे भाऊ! आपल्याला पडद्यावर जागा मिळते, तोंड मिळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आपली पोरं गप्प होतात तिच्याकडे येतो. टाळणार नाही.

१९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या बाजूला नव्हता. गांधी येरवड्यात उपोषणाला बसले. पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत बाबासाहेबांची आहे आणि बाळूचीही आहे. पण दोन सह्यांत फरक आहे. एक सही मानेवर सुरी ठेवून घेतलेली, दुसरी मनापासून केलेली. १९३३ साली तो मुंबईत हिंदू महासभेच्या तिकिटावर महापालिकेला उभा राहिला, पडला. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तर बाळूने धर्मांतराला उघड विरोध केला. आणि १९३७ साली भायखळा-परळच्या भागात, ई आणि एफ वॉर्डात, राखीव जागेवर बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे, आणि समोर काँग्रेसने उभा केला बाळू पालवणकर. बाबासाहेबांना १३,२४५ मतं. बाळूला ११,२२५. दोन हजारांचा फरक.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी ज्याच्या सत्काराला भीमराव पुढे झाला होता, तोच.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, तो हरिजन झाला, विषय संपला. आणखी काही, हळू आवाजात, म्हणतात की तो चांभार होता, आपला नव्हताच. हे दुसरं बोलणं मला जास्त झोंबतं. पुणे कराराने संयुक्त मतदारसंघ आला, सगळ्या हिंदूंनी मिळून आपला प्रतिनिधी निवडायचा असं ठरलं. मग बाबासाहेबांना पाडायला काँग्रेसला एक अस्पृश्यच हवा होता. कुठला? ज्याला सवर्णही टाळी देतील असा. अशी टाळी त्या वेळी मुंबईत एकाच अस्पृश्याच्या वाट्याला आली होती, आणि ती मिळाली होती १९०६ पासून, ग्राउंडावर. म्हणजे बाळूला दिलेला मान तीस वर्षांनी वसूल झाला. बाबासाहेबांनी ज्या धोक्यासाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले तो धोका त्यांच्याच वॉर्डात, त्यांच्याच जुन्या आवडत्या माणसाच्या रूपाने उभा राहिला. पुणे करार समजावून सांगायला याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही. आणि आपण ते अभ्यासवर्गात वापरत नाही, कारण बाळूचं नाव घ्यायचं नाही!

बाळू तसा का वागला? मला वाटतं, त्याच्या आयुष्याने त्याला तेच शिकवलं होतं. तो हिंदूंचा खेळाडू होता. संघाचं नावच हिंदू. तो धीर धरून राहिला आणि एकेक दार किलकिलं झालं. आधी मैदान, मग जिमखाना, मग उपकप्तानपद, मग भावाचं कप्तानपद. १९२० ते २३ च्या काळात गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाची हवा होती, राष्ट्रीय म्हणवणारी वर्तमानपत्रं या भावांच्या बाजूने लिहीत होती, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याला वाटलं, असंच सगळं सुटेल. एका घराचं सुटलं म्हणजे लाखो झोपड्यांचं सुटेल. त्याचा हिशोब चुकला, असं मी म्हणतो. चार भावांना हिंदूंच्या संघात जागा मिळाली म्हणून महाडच्या तळ्याचं पाणी मिळालं नाही, ते चालून जाऊन प्यावं लागलं. पण हा हिशोब विकला गेलेल्या माणसाचा नाही. तीस वर्षं बाहेर चहा पिऊन आत घेतलं जाण्याची वाट बघणाऱ्या माणसाचा आहे. त्याला पाडलं हे बरोबर. त्याला विसरलं हे बरोबर नाही.

ओवेन्सकडे परत जातो, कारण इथे दोघांची वाट एक होते.

१९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोसने पदकाच्या पायरीवर काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. आपल्या पँथरच्या पिढीने ते चित्र छातीशी धरलं. त्या वेळी अमेरिकेच्या ऑलिंपिकवाल्यांनी काळ्या खेळाडूंना समजवायला कुणाला धाडलं? जेसी ओवेन्सला. मालाच्या लिफ्टमधून वर गेलेल्या ओवेन्सला. पोरांनी त्याला हाकलूनच दिलं म्हणा. दोन दिवसांनी बॉब बीमनने लांब उडी मारली, ८.९० मीटर. आधीचा विक्रम ८.३५ चा, म्हणजे एका उडीत पंचावन्न सेंटिमीटर पुढे. अंतर मोजायचं यंत्र तिथवर पोचेना, मग फीत आणून मोजलं. हा बीमन कोण? काळ्यांना कमी लेखणाऱ्या एका विद्यापीठाविरुद्ध खेळायला नकार दिला म्हणून त्याच वर्षी त्याला टेक्सासच्या त्याच्या विद्यापीठाच्या संघातून काढलेलं होतं. प्रशिक्षक नाही, मग बोस्टनच त्याला शिकवत होता. पदक घ्यायला बीमन उभा राहिला तो विजारीचे पाय दुमडून, काळे मोजे दाखवत. शेजारी बोस्टन अनवाणी. ओवेन्सचा विक्रम मोडणारा बोस्टन, आणि बोस्टनचा मोडणारा बीमन. उडीचा वारसा सरळ चालत आला होता. राजकारणाचा वारसा मात्र ओवेन्सकडून घेता येत नव्हता, तो पोरांनी स्वतःच काढला.

१९७० साली ओवेन्सने या काळ्या मुठीवर टीका करणारं पुस्तक काढलं. काळ्या लोकांनी त्याला सोलून काढलं. १९७२ साली त्याचं दुसरं पुस्तक आलं, त्याच्या नावातच त्याने सांगितलं की मी बदललो आहे. लढाऊपणाशिवाय काळ्या माणसाला पर्याय नाही, इथवर तो आला. साल नीट वाचा, १९७२. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९७६ साली अध्यक्ष फोर्डने त्याला देशाचं मोठं पदक दिलं, १९८० साली तो वारला, आणि १९९० साली अमेरिकेच्या संसदेने मेल्यावर आणखी एक सोन्याचं पदक दिलं. घोड्यांबरोबर पळत होता तेव्हा कुणी काही दिलं नाही. तरी त्याच्या लोकांनी त्याला टाकलं नाही. भांडले, शिव्या दिल्या, पण आपला म्हणून.

बाळूला दुसरं पुस्तक लिहायला मिळालं नाही. १९५५ च्या जुलै महिन्यात तो मुंबईत वारला. नागपूरच्या दीक्षेला सव्वा वर्ष होतं. त्याच १९५५ साली अमेरिकेच्या सरकारने जेसी ओवेन्सला सदिच्छादूत करून हिंदुस्थानात धाडलं होतं. अमेरिकेत काळ्यांचं कसं छान चाललंय ते दाखवायला! जगभर दाखवायचा काळा माणूस, आणि घरी मालाची लिफ्ट.

सन्मानाचं म्हणाल तर स्पर्धांची नावं बघा. रणजींच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धा, आणि रणजी हिंदुस्थानकडून एकही कसोटी खेळले नव्हते, इंग्लंडकडून खेळले. दुलीप त्यांचे पुतणे, त्यांचंही तेच, त्यांच्याही नावाने स्पर्धा. देवधरांच्या नावाने १९७३ पासून स्पर्धा. देवधर मोठे खेळाडू होते, शंभर वर्षं जगले, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण १९२० साली ज्याला डावलून त्यांना कप्तान केलं त्याचं नाव क्रिकेट बोर्डाच्या त्या स्पर्धांच्या यादीत शोधून दाखवा. आणि नावावरूनच आठवलं. धावफलकावर इतर बहुतेक आडनावाने, प्रोफेसर देवधर तर प्रोफेसरकीसकट. हा मात्र पी. बाळू. आडनावाचं एक अक्षर, आणि पुढे घरच्या गड्याला मारावी तशी हाक. आपण आपल्या पुस्तिकांत तरी पुरं लिहू या: बाळू पालवणकर.

२००२ साली रामचंद्र गुहांचं इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा शिकलेल्या लोकांना बाळू नव्याने कळला. गुहांचे आभार. पण हे काम आपलं होतं, आणि आपल्या घरातच एक पुस्तक पडून होतं. विठ्ठल पालवणकरने १९४८ साली मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’. दलित आत्मकथनांची चर्चा आपण सत्तरच्या पुढे सुरू करतो. हे त्याच्या कितीतरी आधीचं, एका चांभार कप्तानाने स्वतः लिहिलेलं. मी दोन ग्रंथालयांत विचारलं, एकात बाईंनी खेळाच्या कपाटात बघायला सांगितलं आणि तिथे सचिनची सहा पुस्तकं निघाली.

ज्या कुणाच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत, वस्तीतल्या बंद पडलेल्या वाचनालयात ‘माझे क्रीडा-जीवन’ असेल त्याने अंकाच्या पत्त्यावर कळवावं. पुस्तक परत मिळेल, कोपरा दुमडणार नाही. आणि ज्यांच्या घरी परळ-भायखळ्याच्या १९३७ च्या मतदानाच्या गोष्टी ऐकल्या असतील, मग त्या घरचं मत कुणालाही पडलेलं असो, त्यांनी चार ओळी लिहून पाठवाव्यात. पुढच्या अंकाच्या स्टेन्सिली महिनाअखेरीस कापायच्या आहेत.